वाडीवरचा जनरेटर : पेट्रोलचा की गॅसचा?

गावापासून दोन-तीन किलोमीटर आत जागा घेतली, घर बांधलं, महावितरणच्या खांबांचा खर्च ऐकला आणि सरळ सोलर बसवलं, अशी घरं आता कोकणात आणि घाटमाथ्यावर बरीच झाली आहेत. एरवी पॅनल आणि बॅटरी मिळून घर नीट निभावतात. खरी अडचण जुलैत येते. पाऊस लागून राहतो, चार-चार दिवस ऊन पडत नाही, बॅटरी उतरते आणि फ्रीज, विहिरीवरची मोटार, मोबाइलचं चार्जिंग सगळं एकदम अडतं. मग माणूस तालुक्याच्या दुकानात जनरेटर बघायला जातो. दुकानदार पहिलं विचारतो, ‘किती केव्हीएचा?’ इंधनाचा प्रश्न शेवटी निघतो आणि बहुतेक वेळा ‘पेट्रोलचाच घ्या, सगळे तोच घेतात’ एवढ्यावर मिटतो.

हा क्रम उलटा हवा, असं माझं ठाम मत आहे. इंधन आधी ठरवावं. आणि ते ठरवताना जनरेटर चालू असताना काय होईल यापेक्षा तो बंद असताना त्या इंधनाचं काय होईल, याचा विचार जास्त करावा. सोलरच्या जोडीला घेतलेला जनरेटर वर्षातले बहुतेक दिवस पडवीच्या कोपऱ्यात झाकलेलाच असतो. ज्या रात्री तो लागतो, त्या रात्री पहिल्या-दुसऱ्या दोरीला सुरू व्हायला हवा, आणि रस्ता बंद असला तरी घरात इंधन हवं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं, त्यानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पुढच्याच वर्षी जुलैच्या अतिवृष्टीत चिपळूण बुडालं आणि दरडी कोसळून आंबेनळीसारखे घाट बंद पडले. अशा वेळी हाताशी जे आहे त्यावरच दिवस काढायचे असतात.

आधी पेट्रोलचं बघू. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. चालत्या गाडीला त्याचा फारसा त्रास नाही, कारण टाकीतलं पेट्रोल आठवड्या-दोन आठवड्यांत जळून जातं. पडून राहणाऱ्या यंत्राचं तसं नाही. इथेनॉल हवेतलं बाष्प ओढून घेतं आणि कोकणातल्या पावसाळ्यात बाष्पाला तोटा नाही. पाण्याचं प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतात, पेट्रोल वर राहतं. जनरेटरची इंधनाची नळी तळातूनच निघते, त्यामुळे इंजिनाला पहिल्यांदा मिळतं ते हे पाणी.

दुसरा त्रास कार्बोरेटरचा. बंद केलेल्या यंत्राच्या कार्बोरेटरच्या वाटीत थोडं पेट्रोल उरतं. दोन-तीन महिन्यांत त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे पिवळट, चिकट थर राहतो. जेटचं भोक मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं, ते त्या थराने बुजतं. मग यंत्र सुरू होत नाही. झालंच तर चोक ओढलेला असेपर्यंत चालतं आणि चोक आत ढकलला की बंद पडतं, किंवा आवाज सारखा वर-खाली होत राहतो. पडून राहिलेला पेट्रोल जनरेटर चालत नाही अशी तक्रार आली, की मेकॅनिक पहिल्यांदा कार्बोरेटरच खोलतो.

यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे, फक्त दर वेळी करावा लागतो. काम झालं की स्विचने इंजिन बंद करायचं नाही. पेट्रोलचा कॉक बंद करायचा आणि वाटीतलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत थांबायचं. जनरेटर दोन महिन्यांहून जास्त पडून राहणार असेल, तर टाकी पूर्ण रिकामी करायची आणि वाटीच्या तळाचा स्क्रू ढिला करून उरलेले थेंबही काढून टाकायचे. साठवणीच्या डब्यावर आणल्याची तारीख लिहायची, महिन्या-दीड महिन्याने ते पेट्रोल मोटारसायकलमध्ये ओतायचं आणि डब्यात नवीन आणून ठेवायचं. हे ज्यांच्याकडून नेमाने होईल, त्यांना पेट्रोलचा जनरेटर दगा देत नाही. पण मालक मुंबईत आणि घर राखणदाराच्या हवाली, असं असेल तर हे होणार का, याचं उत्तर खरेदीच्या आधीच स्वतःला द्यावं. यंत्र जुनं असेल तर आणखी एक गोष्ट बघा. काही इंजिनं १० टक्के इथेनॉलपर्यंतच चालावीत अशी बनवलेली असतात. पुस्तिकेत तसा उल्लेख असेल, तर आजच्या पेट्रोलवर त्यातल्या रबरी नळ्या आणि वॉशर लवकर खराब होऊ शकतात.

गॅस असा शिळा होत नाही. सिलिंडर सहा महिने ठेवा, वर्षभर ठेवा, आत जे भरलं तेच बाहेर येतं. पेट्रोल त्या वाटेने जातच नसल्यामुळे जेटवर थर बसण्याचा प्रश्न उरत नाही. खराब होणारी गोष्ट एकच, ती म्हणजे रबर. रेग्युलेटरमधला पडदा आणि जोडणीची नळी. नळी ‘सुरक्षा’ प्रकारचीच घ्यावी, आतून तारेची जाळी असलेली, आणि पाच वर्षांनी ती न चुकता बदलावी. उंदीर कुरतडतात म्हणून दर वापराआधी नळीवरून बोट फिरवून बघावं आणि सांध्यांना साबणाचं पाणी लावावं. बुडबुडा आला तर यंत्राला हात लावायचा नाही, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करायचा.

आता साठा किती करता येतो ते पाहा. माझ्या मते निर्णय इथेच होतो. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नव्हे तर स्वतःसाठी, परवान्याशिवाय जास्तीत जास्त ३० लिटर पेट्रोल बाळगता येतं. तेही घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात, आणि एक डबा २५ लिटरपेक्षा मोठा नको. प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल ठेवायची पद्धत सगळीकडे दिसते, पण ती बेकायदा आहे आणि धोक्याचीही आहे. गॅसच्या बाबतीत २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांनुसार १०० किलोपर्यंत साठ्याला परवाना लागत नाही. म्हणजे १९ किलोचे पाच सिलिंडर.

या आकड्यांना विजेच्या भाषेत आणू. दोन-तीन केव्हीएचा साधा जनरेटर बऱ्यापैकी भारावर चालत असेल, तर एक युनिट विजेला अंदाजे ०.६ लिटर पेट्रोल लागतं. गॅसवर त्याच युनिटला ४०० ग्रॅमच्या थोडा वर गॅस लागतो. यंत्रागणिक आणि भारागणिक हे कमी-जास्त होईल, पण हिशेबाला पुरेसं आहे. म्हणजे परवानगी असलेल्या ३० लिटर पेट्रोलमधून सुमारे ५० युनिट मिळतात. १९ किलोच्या एकाच सिलिंडरमधून ४५ च्या आसपास. पाच सिलिंडर ठेवले तर सव्वादोनशे युनिट. पावसाळ्यात काटकसरीने चालणाऱ्या घराला सोलर अगदी बंद असताना दिवसाला तीन युनिट लागतात असं धरलं, तर सगळं पेट्रोल सतरा दिवसांत संपतं आणि दोन सिलिंडर महिनाभर पुरतात. ज्याला रस्ता तुटण्याची खरोखर भीती आहे, त्याने हे गणित स्वतःच्या घरासाठी कागदावर मांडावं.

सिलिंडर मात्र घरगुती वापराचा चालणार नाही. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर स्वयंपाकासाठी दिलेला असतो, तो जनरेटरला जोडणं नियमाविरुद्ध आहे. काही बरं-वाईट झालं तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी राहते. शेगडीचा रेग्युलेटरही जनरेटरला आपोआप योग्य ठरत नाही. यंत्र बनवणाऱ्याने जो दाब सांगितला असेल त्याच दाबाचा रेग्युलेटर लागतो. एजन्सीकडे जाऊन १९ किलोचं व्यावसायिक कनेक्शन घ्या. होमस्टे चालवत असाल तर स्वयंपाकघरासाठी ते तुमच्याकडे असायलाच हवं, मग जनरेटरसाठी एक जास्तीचा सिलिंडर मागणं अवघड नाही. पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर लगेच मिळतो, पण तो एक केव्हीएच्या यंत्राला तासाभरासाठीच बरा. का, ते आता सांगतो.

सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो. आपण ओढतो ती वरच्या मोकळ्या जागेतली वाफ, आणि ती कमी झाली की खालचा द्रव उकळून नवी वाफ तयार होते. उकळायला उष्णता लागते. इथे खाली चूल नाही, तेव्हा ती उष्णता बाहेरच्या हवेतून, सिलिंडरच्या पत्र्यातून आत येते. गॅस हळू ओढला तर हे नीट चालतं. वेगाने ओढला की सिलिंडर गार पडत जातो, द्रवाच्या पातळीपर्यंत पत्र्याला घाम फुटतो, पुढे पांढरं हिम धरतं, आतला दाब उतरतो आणि जनरेटर गचके खाऊ लागतो. बघणाऱ्याला वाटतं गॅस संपला. वजन केलं तर सिलिंडर अर्धा भरलेला निघतो. सिलिंडर जितका लहान आणि जितका रिकामा, तितकी उष्णता आत यायला जागा कमी, आणि तितकं हे लवकर होतं.

अमेरिकेतले लोक बर्फातसुद्धा गॅसवर जनरेटर चालवताना दिसतात, ते बघून इथे अंदाज बांधू नये. तिकडे विकला जातो तो जवळजवळ निव्वळ प्रोपेन. तो उणे ४२ अंशांवर उकळतो, त्यामुळे थंडीतही दाब टिकतो. आपल्याकडचा एलपीजी प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतो, आणि ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास उकळतो. वापरताना प्रोपेन आधी निघून जातो आणि तळाला ब्युटेन जास्त उरतो. रत्नागिरीत किंवा सावंतवाडीत याने फारसं अडत नाही, तिथे हवाच उबदार. महाबळेश्वर-पाचगणीला डिसेंबरच्या पहाटे, अर्धा संपलेला सिलिंडर आणि तीन किलोवॉटचा भार, अशी गाठ पडली की अडतं. मी धरतो तो ढोबळ नेम असा : एक-सव्वा किलोवॉटच्या भाराला १९ किलोचा एक सिलिंडर पुरे. तीन किलोवॉटच्या आसपास जायचं असेल तर दोन सिलिंडर एकत्र जोडून घ्यावेत, आणि ही जोडणी एजन्सीच्या माणसाकडूनच करून घ्यावी.

सिलिंडर गार पडला म्हणून त्याला सायलेन्सरजवळ सरकवणं किंवा त्यावर कढत पाणी ओतणं, हे प्रकार कोणीही करू नयेत. भार कमी करा, दुसरा सिलिंडर लावा, नाहीतर थोडा वेळ थांबा. सिलिंडर कायम उभाच ठेवायचा. आडवा केला की वाफेऐवजी द्रव नळीत शिरतो आणि रेग्युलेटरमधून थेट इंजिनाकडे जातो, त्यातून भडका उडू शकतो. आणि सिलिंडर घेतानाच त्याच्या कड्याखालच्या पट्टीवर रंगवलेली खूण वाचा. उदाहरणार्थ ‘सी-२७’ असेल तर त्याची चाचणी २०२७ च्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत व्हायला हवी. ए, बी, सी, डी या वर्षाच्या चार तिमाह्या. साठ्यासाठी म्हणून घेतलेला सिलिंडर वर्षभर पडून राहणार असेल, तर मुदत लांबची असलेला मागून घ्यावा. तिथेच रिकाम्या सिलिंडरचं वजनही कोरलेलं असतं. त्यात १९ मिळवून एजन्सीच्या काट्यावर वजन बघून घेण्यात संकोच नको.

इतकं गॅसच्या बाजूने बोललो, तरी काही ठिकाणी पेट्रोलच घ्यावं असं मी सांगेन. पहिली जागा म्हणजे जिथे गाडी पोचत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावरचे कितीतरी धनगरवाडे अजून पायवाटेवर आहेत. भरलेला १९ किलोचा सिलिंडर पस्तीस किलोंच्या पुढे जातो, गोल असल्यामुळे पाठीवर धड बसत नाही, आणि आडवा करून न्यायचा नाही. तिथे धातूच्या डब्यातून पाच लिटर पेट्रोल नेणं सोपं. एक केव्हीएचा इन्व्हर्टर जनरेटर तेरा-चौदा किलोंचा असतो, तो एक माणूस उचलतो. ज्यांचं काम फिरतं आहे, म्हणजे मधपेट्या घेऊन हिंडणारे, मोजणीची किंवा चित्रीकरणाची पथकं, त्यांचंही तेच.

दुसरं कारण दुरुस्तीचं. पेट्रोलचं इंजिन तालुक्याचा कुठलाही मोटारसायकल मेकॅनिक उघडतो. प्लग, दोरी, कार्बोरेटर, एअर फिल्टर, सगळं त्याच्या ओळखीचं. गॅसच्या रेग्युलेटरचा पडदा फाटला तर तो सुटा भाग कोल्हापुरात किंवा पुण्यात मिळेल, देवरुखात मिळेलच असं नाही. म्हणून गॅसचं यंत्र घेणाऱ्याने रेग्युलेटरचा एक पडदा-संच पहिल्याच दिवशी जास्तीचा घेऊन ठेवावा.

तिसरं कारण ताकदीचं. तेच इंजिन गॅसवर चाललं की साधारण दहा टक्के कमी शक्ती देतं. उंचीवर हवा विरळ होते, दर ३०० मीटरला सुमारे तीन टक्के शक्ती आणखी जाते, ती मात्र दोन्ही इंधनांवर. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे. तिथे गॅसवर चालणाऱ्या जनरेटरची ताकद पाटीवर लिहिलेल्या आकड्याच्या तीन-चतुर्थांशाच्या जरा वर राहते, असं धरून चालावं. पाटीवरचा आकडाही नीट वाचावा. केव्हीए म्हणजे किलोवॉट नव्हे, आणि ‘कमाल’ म्हणून लिहिलेली ताकद काही सेकंदांपुरती असते. सलग किती, ते विचारून घ्यावं.

हे महत्त्वाचं आहे ते मोटारीमुळे. एक अश्वशक्तीची पाण्याची मोटार चालताना किलोवॉटच्या आसपास घेते, पण सुरू होतानाच्या क्षणी तिचा करंट तीन ते पाच पट उसळतो. फ्रीजचंही तसंच, फक्त आकडा लहान. दोन्ही एकदम सुरू झाले तर दोन केव्हीएचा जनरेटर दबून बंद पडतो. म्हणून आधी एकटी मोटार सुरू करावी, तिचा आवाज स्थिर झाला की मग बाकीचं जोडावं. एक अश्वशक्तीच्या बोअरच्या मोटारीसाठी पेट्रोलवर तीन केव्हीए आणि गॅसवर त्याहून थोडा मोठा, असा हिशेब ठेवावा. मोटार वगळता घरात दिवे, पंखे, फ्रीज, वायफाय एवढंच असेल, तर मोठं यंत्र घेऊन पैसे घालवू नयेत.

आणि रात्रभर दोन दिव्यांसाठी जनरेटर चालू ठेवण्याची सवय असेल तर ती सोडावी. जवळजवळ भार नसतानाही इंजिनाला स्वतःला फिरत ठेवायला बरंच इंधन लागतं, त्यामुळे एका युनिटची किंमत दुप्पट-तिप्पट होते. त्याऐवजी संध्याकाळी दोन-तीन तास जनरेटर लावा, तेवढ्यात पाण्याची टाकी भरून घ्या, मिक्सर-इस्त्री उरका आणि सोबत सोलरच्या इन्व्हर्टरमधून बॅटरी चार्ज करा. यंत्र साठ-सत्तर टक्के भारावर चालेल, तिथे ते इंधनाचा सर्वांत चांगला उपयोग करतं, आणि रात्र बॅटरीवर शांततेत जाते. इन्व्हर्टरला जनरेटरची वीज चालते का, आणि चार्जिंगचा करंट कमी करून ठेवता येतो का, हे त्याच्या सेटिंगमध्ये बघून ठेवा. पुष्कळदा छोटा जनरेटर दबतो तो पूर्ण जोराने चार्ज होणाऱ्या बॅटरीमुळे.

खर्चाचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर निर्णय घेऊ नये असं माझं मत आहे. पेट्रोल महाराष्ट्रात लिटरला शंभराच्या पुढे आहे, म्हणजे युनिट साठ रुपयांच्या वर जातं. गॅसचा भाव काढायला सिलिंडरच्या किमतीला ४५ ने भागा. सिलिंडर १,८०० रुपयांना पडला असेल तर युनिट ४० रुपयांना. व्यावसायिक सिलिंडरचा दर साधारणपणे दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बदलतो, त्यामुळे त्या दिवशीचा आकडा घाला. फरक दिसायला मोठा, पण वर्षाला पन्नास युनिट काढणाऱ्या घरात तो हजार रुपयांचाच होतो. रोज सहा-आठ तास जनरेटर लागत असेल तर गोष्ट वेगळी, पण मग प्रश्न डिझेलकडे किंवा जास्तीच्या पॅनलकडे जातो.

आता जे सांगतो आहे ते दोन्ही इंधनांना सारखंच लागू आहे, आणि लेखातलं एवढंच कोणाच्या लक्षात राहिलं तरी मला समाधान आहे. गॅस स्वच्छ जळतो, धूर दिसत नाही, वास येत नाही, म्हणून गॅसचा जनरेटर पडवीत किंवा खोलीत चालवला तरी चालतो, असा समज पसरलेला आहे. तो जीवघेणा आहे. पेट्रोल असो की गॅस, इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, ग्लानी येते, आणि झोपेत असलेल्या माणसाला यातलं काहीच जाणवत नाही. एक छोटा जनरेटर शेकडो मोटारींइतका कार्बन मोनॉक्साइड सोडू शकतो, असा इशारा अमेरिकेचा ग्राहक वस्तू सुरक्षा आयोग वर्षानुवर्षं देत आला आहे. पावसात यंत्र भिजेल म्हणून लोक ते आत घेतात, आणि नेमकं पावसातच खिडक्या-दारं बंद असतात.

तेव्हा जनरेटरसाठी घरापासून किमान वीस फुटांवर, चारी बाजूंनी उघडा, वर पत्रा असलेला मांडव करा. सायलेन्सरचं तोंड घराच्या उलट दिशेला, आणि पावसाळ्यातला वारा नैर्ऋत्येकडून येतो हे लक्षात घेऊन जागा निवडा. झोपण्याच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, फार महाग नसतो. चालू जनरेटरच्या दिवसांत घरात एकाहून अधिक जणांचं डोकं एकदम दुखू लागलं, तर आधी सगळ्यांना बाहेर काढा.

जागा निवडताना जमिनीचा उतारही बघायला हवा. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. गळला तर वर उडून जात नाही, जमिनीलगत वाहत खोलगट जागेत साचतो. विहीर, तळघर, उघडं गटार, पायऱ्यांखालची मोकळी जागा यांच्या जवळ किंवा वरच्या अंगाला सिलिंडर ठेवू नये. पेट्रोलची वाफही जडच असते. पेट्रोलचा त्याशिवाय एक धोका आहे, तो म्हणजे चालू किंवा तापलेल्या यंत्रात इंधन ओतण्याचा. अंधारात, पावसात, एका हातात टॉर्च धरून गरम सायलेन्सरच्या शेजारी पेट्रोल ओतलं जातं आणि आग लागते. बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबायला हवं. गॅसमध्ये हा प्रसंगच येत नाही, आणि घरात म्हातारी माणसं एकटी राहत असतील तर मी केवळ एवढ्यासाठीसुद्धा गॅसकडे झुकेन.

ज्यांच्याकडे महावितरणची लाइनही आहे आणि वादळात ती जाते म्हणून जनरेटर ठेवला आहे, त्यांनी चेंजओव्हर स्विच बसवल्याशिवाय जनरेटर घराच्या वायरिंगला जोडू नये. दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर घेऊन जनरेटरची वीज भिंतीतल्या सॉकेटमध्ये सोडण्याची युक्ती गावोगावी चालते. मेन स्विच बंद करायचा राहिला, तर ती वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते, ट्रान्सफॉर्मरवर चढून हजारो व्होल्टची होते, आणि लाइन मेलेली आहे असं समजून खांबावर चढलेल्या वायरमनच्या हाताशी पोचते. भर पावसात आपलीच लाइट आणायला वर गेलेला तो माणूस असतो. चेंजओव्हर स्विचचा खर्च जनरेटरच्या किमतीपुढे काहीच नाही, आणि तो परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंगसह बसवून घ्यावा.

खरेदीला जाल तेव्हा तिसरा पर्यायही विचारा. दोन्ही इंधनांवर चालणारी यंत्रं आता मिळतात. एरवी गॅसवर चालवावं आणि सिलिंडर संपला, रेग्युलेटर बिघडला किंवा जड मोटार सुरू करायची झाली तर पेट्रोलवर घ्यावं, ही सोय वाडीवरच्या घराला सर्वांत योग्य आहे, असं मला वाटतं. फक्त पेट्रोलची टाकी रिकामी आणि कार्बोरेटर कोरडा ठेवण्याचा नेम याही यंत्राला पाळावाच लागतो. घरी पेट्रोलचा चांगला जनरेटर आधीच असेल तर त्याला गॅसचं किट बसवून देणारे कारागीर भेटतात. किट बसवल्यावर वॉरंटी राहते का, हे कंपनीच्या सेवा केंद्राकडून लेखी घ्या, तोंडी उत्तरावर जाऊ नका. किटमधला रेग्युलेटर इंजिन बंद पडताच गॅस आपोआप तोडणारा हवा. ते समोर करून दाखवायला सांगा : यंत्र गॅसवर चालू असताना इंजिनाचा स्विच बंद करायचा, सिलिंडर उघडाच ठेवायचा, आणि रेग्युलेटरच्या तोंडाशी साबणाचं पाणी लावून बघायचं. बुडबुडे येत राहिले तर ते किट घेऊ नका.

पेट्रोलचा घ्या वा गॅसचा, दुकानात नुसता चालू करून दाखवला म्हणून पैसे देऊ नका. तुमच्या मोटारीइतकी मोटार जोडून सुरू करून दाखवायला सांगा. तेल पहिल्या वीस तासांनंतर आणि पुढे दर शंभर तासांनी बदलायचं, हे पुस्तिकेत पडताळून भिंतीवर लिहून ठेवा. मे महिना संपायच्या आत एकदा पूर्ण भारावर अर्धा तास चालवून बघा, आणि पावसाळाभर महिन्यातून एकदा तेच करा. घरी दुसरं कोणी असेल तर त्या दिवशी दोरी त्यांच्याच हातात द्या.